चमेलीची साक्ष

१

दुधराम बिसेन नाहीसे झाल्याची बातमी अल्का मेश्रामला गल्ली नंबर चारच्या तोंडाशीच लागली. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तिच्या झोळीत नेमकं त्यांच्याच नावाचं रजिस्टर पत्र होतं.

अल्का पोस्टवाली. फुलचूरच्या पुढचा हिरडाटोला बारा वर्षं तिच्या बीटात होता. बारा वर्षांपूर्वी इथं धानाच्या बांध्या होत्या आणि सायकलवर दोन तासांत सगळं गाव वाटून व्हायचं. आता तिथं नऊ लेआऊट उभे होते. कोणाचं नाव ग्रीन व्हॅली, कोणाचं सुखशांती नगर. व्हॅलीत झाड नव्हतं आणि सुखशांतीत रोज भांडणं होती, ते एक सोडा. पण प्रत्येक लेआऊटला तोंड एकच, आणि तेही मोठ्या रोडवर. भिंतीवरून भाजीची वाटी देता येईल एवढ्या जवळच्या घरी पत्र द्यायला तिला चार किलोमीटरचा फेरा पडायचा. ज्यानं हे नकाशे काढले त्याला महिनाभर पोस्टाची झोळी गळ्यात अडकवून फिरवावं, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि ती ते कोणालाही ऐकवायची.

सुखशांती नगरची गल्ली नंबर चार तर सगळ्यांत नतद्रष्ट. गल्ली संपते तिथं आठ फुटी भिंत. स्कूटी वळवायला अल्काला तीन झटके द्यावे लागायचे. कचऱ्याची घंटागाडी आत येतच नसे, कारण मग सगळी गल्ली उलट्यानं मागे जावं लागायचं. आणि शेतांचा कालवा, म्हणजे नहर, सुटला की या गल्लीत कुठूनसं घोटाभर पाणी यायचं.

पूर्वी इथून पांदण जायची, म्हणजे बैलगाड्यांची वाट. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठानं ती थेट दवाखान्याच्या रस्त्याला लागायची. दोन वर्षांपूर्वी लेआऊटवाल्या इंद्रकुमारनं ती भिंत घालून बंद केली आणि त्या जागेचे दोन कॉर्नर प्लॉट पाडले. गेल्या साली याच गल्लीतल्या चेतनाला कळा सुटल्या तेव्हा ॲम्बुलन्स मोठ्या रोडनं फिरून येताना रेल्वेच्या फाटकात अडकली. बाळ दवाखान्यापर्यंत पोचलंच नाही.

त्यानंतर दुधरामकाकाजींनी अर्ज केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण अर्जामागून अर्ज. आज दुपारी दोनला नायब तहसीलदार मोका पाहणीला यायचे होते. इंद्रकुमारचं म्हणणं, इथं रस्ता नव्हताच. जुना नकाशा कुठल्याच कपाटात सापडत नव्हता. त्या पांदणीवर गाडी हाकलेला साक्षीदार गावात एकच उरला होता, आणि आज सकाळपासून तोच नव्हता. दोनपर्यंत तो मिळाला नाही तर अर्ज निकाली निघणार, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

एकेचाळीस नंबरच्या ओट्यावर सून दुर्गेश्वरी रडकुंडीला आली होती.

"सहाच्या आधीच उठले जी. मी चहा ठेवला तं मामाजी गायब. चपला इथीच आहेत पाहा."

"अजून काय नाही घरात?"

"फावडा नाही दिसून राहिला." दुर्गेश्वरीनं पदरानं नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. "अल्काबाई, मले भेव वाटून राहिला. काल जेवता जेवता म्हणे, 'उद्या साहेबाले चमेलीच दाखवतो. तिची साक्ष कोणी खोटी पाडू शकत नाही.'"

चमेली म्हणजे दुधरामकाकाजींची बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

२

सुखशांती नगरच्या एकुलत्या एका तोंडावर रुचिचं किराणा दुकान होतं. बिस्किटांचे पुडे चोरीला जायला लागले म्हणून तिनं कॅमेरा बसवला होता, आणि त्या कॅमेऱ्यात आतबाहेर करणारं कुत्रंसुद्धा दिसायचं. हवालदार टिकेश रहांगडाले तिथंच स्टुलावर बसून सकाळ पुन्हा पुन्हा पाहत होता. अल्का त्याच्या खांद्यामागे उभी राहिली.

पावणेसहाला दूधवाला आत, सव्वासहाला बाहेर. तीन दुचाक्या कामावर गेल्या. सहा बावन्नला मुरमानं भरलेला टिप्पर आत आला. सात दहाला रिकामा टिप्पर समोरून दणदणत आला, कॅमेऱ्याकडे तोंड करून, आणि मोठ्या रोडला लागला. पुढं शाळेची पोरं. दुधरामकाकाजी कुठंच नाहीत.

"मागून गेले असतील," रुचि म्हणाली.

"मागं भिंत आहे. वर काचा लावल्या आहेत," अल्का म्हणाली. "या कॉलनीतून माणूस बाहेर पडतो तो तुझ्याच दुकानापुढून."

टिकेशनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे टिप्पर! टिप्पर कोणाचा? इंद्रकुमारचा. साक्षीदार कोणाले नको? इंद्रकुमारले. बुढ्याले टिप्परमधे टाकून नेलं, दुसरं काय!"

गोष्ट चपखल बसत होती. अल्काला ती तेवढ्यासाठीच पटेना. बारा वर्षं पत्ते शोधल्यावर एक तिला कळलं होतं, की जो पत्ता फार सहज सापडतो तिथं बहुतेक वेळा दुसराच कोणी राहत असतो.

"टिप्परमधे टाकायला काकाजी चपला घरी ठेवून आणि फावडा घेऊन गेले?" तिनं विचारलं.

टिकेशनं सकाळ पुन्हा मागे नेली. आणि तेवढ्यात इंद्रकुमारची पांढरी गाडी दुकानापुढं येऊन थांबली.

३

"अरे मॅडम, मेरा नाम क्यों खराब कर रहे हो?" इंद्रकुमार गाडीतून उतरता उतरताच सुरू झाला. "टिप्पर माझाच आहे. गल्लीतले खड्डे बुजवायले मुरूम भेजा. लोकांची सेवा करतो तेही गुन्हा आहे का?"

"कोणत्या गल्लीतले खड्डे?"

"चार नंबरच्या."

चार नंबरच्या गल्लीत सात खड्डे होते आणि ती आत्ताच त्या सातही खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत आली होती. खडाभरसुद्धा मुरूम कुठं पडलेला नव्हता.

टिकेशनं इंद्रकुमारला बाजूला घेतलं, टिप्परच्या ड्रायव्हरला फोन लावायला लावला. फोन बंद. टिकेशचा चेहरा उजळला. अल्का मात्र स्कूटी काढून परत आत गेली.

भिंतीला लागून लोकेशचं घर होतं. बंद केलेल्या पांदणीतला एक कॉर्नर प्लॉट त्यानं बुक केला होता, तेव्हा रस्ता उघडला तर त्याचंही नुकसान होतं. तो अंगणात कुत्र्याला साखळीनं ओढत होता.

"दुधरामकाकाजी दिसले का लोकेशभाऊ?"

"नाही जी. आणि हे घ्या, सगळे माझ्याचकडे डोळे वटारून पाहून राहिले. मी प्लॉट बुक केला, बुढ्याचा गळा नाही दाबला. वरून हे कुत्रं! सकाळी सातपासून पत्र्याकडे तोंड करून भुंकून राहिलं. डोस्कं उठलं माझं."

पत्रा म्हणजे गल्लीच्या शेवटी, भिंतीला खेटून असलेल्या मोकळ्या जागेभोवतीचं पत्र्याचं कुंपण. हा दुसरा प्लॉट. आत बेशरमाची झाडं माजलेली, पुढं मोठं लोखंडी गेट आणि गेटला कुलूप.

धनेंद्र, दुधरामकाकाजींचा मुलगा, घरी खाटेवर बसून मोबाईल पाहत होता. वडील हरवलेल्या माणसाच्या मानानं तो फार शांत होता.

"बाबूजीचं डोकं आता ठिकाणावर नाही, अल्काबाई. चोरखमाऱ्याले ताईकडे गेले असन, नाही तं सौंदडची गाडी धरली असन. संध्याकाळपावतर येऊन जातीन."

"दोन वाजता साहेब येऊन राहिले."

"मंग काय करू? नाही भेटले तं नाही भेटले."

"सकाळी टिप्पर आला तेव्हा तुम्ही कुठं होते?"

"झोपलो होतो. आठ वाजेलोक उठलोच नाही. काऊन?"

"सहज," अल्का म्हणाली. बाहेर ग्रामपंचायतीचा भोंगा वाजत गेला. उन्हाळी धानाला आज बाराला नहर सुटणार, ज्यांच्या बांध्या असतील त्यांनी पाट साफ करून घ्यावेत. अल्कानं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

४

तिनं स्कूटी भिंतीपाशी नेली आणि सवयीनं वळवायला लागली. पहिला झटका, पुढचं चाक भिंतीला. दुसरा झटका, मागचं चाक नालीला. तिसऱ्या झटक्याला ती मधेच थांबली. हँडल तसंच तिरपं राहिलं.

रिकामा टिप्पर कॅमेऱ्यात समोरून आला होता. तोंड पुढं करून.

ज्या गल्लीत घंटागाडीला उलट्यानं जावं लागतं, तिथं दहा चाकी टिप्पर वळला कुठं? बाकीच्या गल्ल्या तर याहून चिंचोळ्या. सगळ्या सुखशांती नगरात एवढी गाडी फिरवायला जागा एकच होती. पत्र्याच्या आतली.

ती गेटपाशी गेली. कुलूप होतं, पण गेटच्या खाली रुंद चाकांच्या ताज्या खुणा होत्या. आणि कुंपणाच्या कोपऱ्यातला एक पत्रा सरकवलेला होता, माणूस अंग चोरून आत शिरेल एवढा.

मग एकेक गोष्ट तिच्या डोक्यात आपल्या पत्त्यावर जाऊन पडायला लागली. पत्र द्यायला आली की दुधरामकाकाजी कित्येकदा घरी नसायचे. थोड्या वेळानं गल्लीच्या या टोकाकडून यायचे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, आणि सही करताना हसून म्हणायचे, "चमेलीपाशी बसलो होतो जी." ती दर वेळी चुकचुकायची. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून स्कूटीला किक मारायची. तिला आता स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा अनवाणी कुठं जातो? पाण्याचिखलात. फावडा कशाला नेतो? गाळ काढायला. आणि नहर सुटला की या गल्लीत पाणी कुठून येतं? भिंतीपलीकडच्या बोडीतून. आठ फुटी भिंतीवरून तर पाणी उडी मारत नाही.

भिंतीखालून वाट होती, जुन्या पांदणीखाली बांधलेली मोरी. पुलिया.

ती धावत एकेचाळीस नंबरला गेली. धनेंद्र अजून खाटेवरच होता.

"भाऊ, त्या पत्र्याच्या गेटची चाबी काढा."

"माझ्यापाशी कुठली? प्लॉट इंद्रकुमारचा आहे."

"तुमच्यापाशीच आहे," दारातून दुर्गेश्वरी म्हणाली. "काल रातीच तं त्यानं आणून दिली. म्हणे, भिंत कायम राहिली की हा प्लॉट तुमचा."

धनेंद्रचा चेहरा कसनुसा झाला. अल्का त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तुम्ही झोपले नव्हते. सातच्या आत गेट उघडून तुम्हीच टिप्पर आत घेतला. काल बाबूजी चमेलीचं नाव बोलले, त्याचा अर्थ घरात एका तुम्हालाच लागला. तिथं पुलिया आहे हे साहेबाले दिसू नये म्हणून तुम्ही पुलियाचं तोंड बुजवलं. खरं का खोटं?"

"खरं आहे ना मंग!" धनेंद्र उसळला. "माझ्या पोरीच्या नावानं प्लॉट होऊन राहिला होता. मुरूमच टाकला ना, कोणाचा जीव तं नाही घेतला? बाबूजी कुठी गेले मले खरंच माहीत नाही!"

"माहीत नाही, हेच तं." अल्का म्हणाली. तिला त्याचा संतापही आला होता आणि त्याची कीवही येत होती. "तुमच्या आधी ते तिथं गेले होते, फावडा घेऊन. साहेब यायच्या आत गाळ काढून ठेवायला. टिप्परच्या आवाजात त्यांची हाक तुम्हाला ऐकू आली नाही. लोकेशचा कुत्रा सातपासून कोणाले भुंकून राहिला? भाऊ, तुमचा बाप त्या पुलियाच्या आत आहे."

धनेंद्रच्या हातातला मोबाईल खाली पडला. तो उचलायला तो वाकला नाही. खुंटीवरची चाबी ओढून तो अनवाणीच पळत सुटला.

५

पुलियाच्या तोंडावर माणूसभर उंच ढीग होता. धनेंद्र हातांनीच मुरूम उपसायला लागला. नखं फुटली तरी त्याला भान नव्हतं. लोकेश फावडा आणि घमेलं घेऊन आला, रुचि दुकान उघडं टाकून आली, टिकेशनं टोपी काढून खिशात कोंबली. इंद्रकुमार गेटबाहेर फोन कानाला लावून उभा होता, पण पलीकडे कोणी बोलत असेल असं वाटत नव्हतं.

अल्कानं नहराच्या चौकीदाराला तीनदा फोन लावला. लागेना. मग तिनं ॲम्बुलन्सला लावला.

"मोठ्या रोडनं येऊ नका. फाटक लागेल. बोडीच्या काठानं या, भिंतीपर्यंत."

"बाई, तिथून रस्ता नाही ना?"

"तुम्ही या तं," ती म्हणाली.

बारा वाजून दहा मिनिटांनी ढिगाच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं. आधी ओल, मग धार. पलीकडचं तोंड भिंतीच्या पायव्यानं जवळजवळ बंद केलं होतं. वीतभर फट उरली होती. तिच्यातून माणूस बाहेर येऊ शकत नव्हता, पण पाणी आत येऊ शकत होतं.

"बाबूजी!" धनेंद्र ओरडला. "बाबूजी, आवाज द्या!"

आतून काही नाही. कुत्राही गप्प झाला होता. मग लोकेशचा फावडा कशावर तरी खणकन वाजला. दुसऱ्या फावड्यावर. आणि त्या फावड्याचा दांडा आतून कोणीतरी हलवला.

त्यांना बाहेर ओढलं तेव्हा कमरेपर्यंत पाणी चढलेलं होतं. अंग थंडगार, ओठ निळे, श्वास तुटक. डोळे मात्र उघडे होते. ॲम्बुलन्स भिंतीपलीकडे येऊन उभी होती. तिचा भोंगा इतका जवळ वाजत होता, की हात लांब केला तर लागेल असं वाटावं. मधे भिंत.

"फिरून आणू का?" पलीकडून ड्रायव्हर ओरडला. "अर्धा तास लागन!"

कोणी उत्तर द्यायच्या आत धनेंद्रनं लोकेशच्या अंगणातला घण उचलला. पहिला घाव बसला तसा इंद्रकुमार ओरडला, "अरे, दीवार मेरी है!" धनेंद्रनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. सातव्या-आठव्या घावाला विटा सुटल्या. मग लोकेशही आला. ज्या भिंतीच्या भरवशावर दोघांनी प्लॉट धरले होते, ती दोघांनी मिळून स्ट्रेचर जाईल एवढी पाडली.

पण दुधरामकाकाजी जायला तयार होईनात. नाकाला नळी, अंगावर दोन घोंगड्या, आणि स्ट्रेचरची दांडी गच्च धरलेली. "साहेब येतपावतर मी हालत नाही." शेवटी टिकेशनं साहेबांना फोन केला. ते पाव तासात आले, तेही बोडीच्या वाटेनं आणि भिंतीच्या भगदाडातून. इथं रस्ता होता का, हे विचारायला आलेले साहेब त्याच रस्त्यानं आले, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते थोडे ओशाळले.

"आजोबा, नकाशा नाही. तुम्ही आता दवाखान्यात जा. तुमचा जबाब मागून घेऊ."

"जबाब माझा नाही जी. वाकून पाहा."

साहेबांनी पँट वर केली, पाण्यात उतरले आणि मोबाईलचा उजेड पुलियाच्या पोटात टाकला. आतल्या सिमेंटवर, पाण्याच्या वर, एका बाईच्या हाताचा पंजा उमटलेला होता. लहानसा, मनगटाशी बांगड्यांच्या रेघांसकट. खाली गवंड्याच्या करणीच्या टोकानं लिहिलं होतं, *चमेली, सन १९८७*.

"मी इथीच कामावर होतो, चमेली शिदोरी घेऊन आली होती," दुधरामकाकाजी थांबत थांबत म्हणाले. "ऊन लय होतं. सावली म्हणून आत बसली आन ओल्या सिमेंटवर हात टेकला. मिस्त्री कावला. म्हणे, काम खराब केलं, आता नावच लिवून ठेवतो." ते हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. "साहेब, वरून गाड्या जात नसत्या तं सरकारनं खालून पुलिया कायले बांधली असती?"

साहेबांनी त्या पंजाचा फोटो काढला. मग बाहेर येऊन त्यांनी कागद काढला.

"साक्षीदाराचं नाव?"

"चमेली दुधराम बिसेन."

साहेबांनी लिहिलं. मग ढिगाकडे पाहून विचारलं, "पुलियाचं तोंड मुरूम टाकून बुजवलेलं आहे. कोणी टाकला?"

इंद्रकुमार आपल्या बुटांकडे पाहत होता. दुर्गेश्वरीनं पदर तोंडावर घेतला. दुधरामकाकाजींनी मुलाच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"आत अंधार होता जी. मले नाही दिसलं."

अल्काला सगळं ठाऊक होतं, पण ते सांगणं तिचं काम नव्हतं. पुलियातून पाणी आता मोकळं वाहत होतं.

"धनेंद्र दुधराम बिसेन," धनेंद्र पुढं येऊन म्हणाला. "लिवा साहेब. चाबी इंद्रकुमारनं देल्ली, मुरूम मी टाकला."

म्हाताऱ्यानं घोंगडीतून हात बाहेर काढला आणि मुलाचं मनगट धरलं. धनेंद्र तसाच, धरलेल्या हातानं, ॲम्बुलन्समध्ये चढला. दार लागलं. गाडी बोडीच्या काठानं निघाली. दवाखान्यात पोचायला तिला चार मिनिटं लागली.